वसतिगृहात तू आणलेला प्लंबर

आई,

पुण्यात विश्वासाचा प्लंबर शोधत मी गेला आठवडाभर हिंडते आहे आणि सारखी तू आठवते आहेस. आमच्या बाथरूमचं पाणी खालच्यांच्या छतात उतरलंय. मोबाइलवरून बोलावलेला पहिला माणूस फरशा फोडून गेला तो आता फोनच उचलत नाही. दुसऱ्यानं हातही न लावता सगळी पाइपलाइन बदलायला सांगितलं. मी रडकुंडीला आले, आणि यवतमाळचा तो उन्हाळा डोळ्यांसमोर आला. तू मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होतीस, बाबा बदलीच्या गावी असायचे आणि आपण दोघी वसतिगृहातल्याच खोलीत राहायचो.

कापूस बुडून सगळा जिल्हा पार झोपला होता, ती वर्षं. महागाव-ढाणकीकडच्या मुली सुटीत घरी गेल्या की परत यायच्याच असं नव्हतं. एखादीचं लग्न उरकलेलं असायचं, एखादी आईबरोबर मजुरीला जायला लागलेली. रिकाम्या खाटेवरची गादी तू गुंडाळून ठेवायचीस, पण त्या मुलीचं नाव दारावरून पुसायची नाहीस. त्यातच पाण्याचं सुरू झालं. संध्याकाळी टाकी भरावी आणि सकाळी तळ दिसावा. पाणी जमिनीखाली कुठंतरी झिरपत होतं. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. संस्थेचे सचिव आले आणि म्हणाले, "मुलींना घरी पाठवून द्या, बाई. पेपरापुरत्या येतील."

"गेलेल्या येत नाहीत, सर," तू म्हणालीस. "मला थोडे दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन तू निघालीस. मला वाटलं, नळाच्या दुकानात जाऊन विचारशील. तू गेलीस ओळखीच्या घरांच्या मागच्या दारी. तिथं मोरीवर भांडी घासणाऱ्या बायांपाशी उकिडवी बसलीस. "हा नळ कोणी बसवला गं? गळतो का? परत बोलवावं लागलं का त्याले?" त्यांच्याशी बोलताना तुझी भाषा आपोआप त्यांच्यासारखी व्हायची. रस्त्यात मला म्हणालीस, "घरमालकाला काय, नळ चकचकीत दिसला की पुरे. दिवसभर त्याच्याशी झटापट करायची असते ती भांडी घासणाऱ्या बाईला."

फिरून फिरून एकाच माणसाचं नाव पुढं येत होतं. पूर्वी वणीला कोळसा खाणीच्या वसाहतीत पाण्याच्या लाइनीवर फिटर होता, आता गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होता. पण शेवटच्या घरातल्या बाईनं आवाज खाली आणला. "काम चांगलं हाये त्याचं, बाई. पण चोरीचा आळ हाये त्याच्यावर." कुठल्याशा मंगल कार्यालयात तो काम करत असताना पितळेचे नळ गेले होते. ही गोष्ट सचिवांच्याही कानावर गेली. ते तापले. "मुलींच्या वसतिगृहात चोराला घेणार तुम्ही?" तू त्याच दुपारी तडक त्याच्या घरी गेलीस.

तो ओट्यावर बसून स्टोव्ह दुरुस्त करत होता. तू उभ्या उभ्याच विचारलंस, "भाऊ, तुमच्यावर चोरीचा आळ आहे म्हणतात. खरं काय?" मी तुझा हात घट्ट धरला. वाटलं, आता हा ओरडणार. तो सावकाश उठला, फडक्याला हात पुसले.

"नाई नेले म्या नळ," तो म्हणाला. मग फडकं खांद्यावर टाकत, "पण इचाराले तुमीच पयल्या आल्या, बाई. बाकीच्याईनं ठरवूनच टाकलं."

"उद्या याल?"

"मले बोलावून राह्यल्या तुमी?"

"हो. तुम्हालाच."

तो आला आणि पहिला अख्खा दिवस चुकीच्या जागी खोदत राहिला. कंबरभर खड्डा झाला, माती कोरडी ठाक. संध्याकाळी तो घामानं निथळत आपल्या दाराशी आला. "चुकलं माह्यं. इथं नाई हाये ते. सकाळी निंबाकून खोदतो. तुमी म्हनत असान तर नाई येत." नेमके सचिव तिथंच होते. "बघा, मी सांगत होतो," म्हणाले. तू त्यांच्याकडं वळलीस. मला ते अजून जसंच्या तसं ऐकू येतं. "सर, चुकलं म्हणून सांगायला तो स्वतः आला. खड्डा बुजवून निघून गेला असता तर मला काय कळणार होतं?" आणि त्याला म्हणालीस, "सकाळी लवकर या."

दुसऱ्या दिवशी पहिला पेपर. स्वयंपाकीणबाई सुटीवर. मुलींना परीक्षा केंद्रावर न्यायचं होतं. साऱ्या वसतिगृहात तू त्याला एकट्याला ठेवलंस, खोल्यांना साधी कुलपंही लावली नाहीस, आणि मुलींची रांग घेऊन चालू लागलीस. आपण परतलो तेव्हा कडुनिंबाच्या मुळीनं फोडलेला पाइप त्यानं कापून काढला होता आणि नवा तुकडा बसवून वर माती दाबत होता. पुढच्या सकाळी टाकी भरलेली. मुली गच्चीवर चढून आत डोकावत होत्या, एकमेकींना ढकलत, ओरडत. तू खालून दटावत होतीस आणि हसू आवरत नव्हतं तुला.

सगळ्या मुलींनी सगळे पेपर दिले. त्यातली एक पुढं नर्स झाली. एकीचं त्याच मे महिन्यात लग्न झालं, ते काही तुला थांबवता आलं नाही. पितळेचे नळ कोणी नेले ते कधीच कळलं नाही, आणि तू त्याला पुन्हा विचारलंही नाहीस. फक्त त्यानंतर गावात कोणी प्लंबर विचारला की त्याचंच नाव सांगायचीस आणि वर म्हणायचीस, "मी बोलावलं होतं म्हणून सांगा."

शेवटी मीही तेच केलं. आमच्या जिन्यातल्या घरांतून भांडी घासणाऱ्या मावशींना गाठलं. त्यांनी सांगितलेला माणूस आज सकाळी आला, गुडघे टेकून बसला, बराच वेळ बघत राहिला. "वेळ लागेल, मॅडम. तुम्ही कामावर जाऊन या," म्हणाला. मी पर्स उचलली आणि निघाले.

तू गेल्यापासून पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून हेही तुला सांगते. मी कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. चपला हातात घेऊन जिना चढले आणि आपल्याच दाराला कान लावून उभी राहिले. आत तो छिन्नी चालवत होता, एका लयीत, मधेच खोकत. मला माझीच लाज वाटली. पण खरं सांगू, आई, त्यानंतरही मी बराच वेळ तिथून हलले नाही.