तणसीत बसून ऐकायचं गाणं

मोहाडी

तीर्थस्वरूप बाबूलालभाऊ यांस,

कृष्णरावाचा वाकून नमस्कार (कंबर वाकू देते तेवढा). घरचा जावई साळ्यापुढे वाकतो आहे म्हणजे याचं काहीतरी काम असणार, असं तुमच्या मनात आलंच असेल. काही काम नाही. सहज लिहितो आहे. तुमचा गुडघा कसा आहे? कुंतावहिनींचा खोकला थांबला का? हलक्या धानाची मळणी आटोपली असेल, तर तणस कुठे रचली? (हेही सहजच विचारतो.)

फोन का नाही केला, म्हणाल. एक तर फोनवर तुम्ही "हव, हव" म्हणून ठेवून देता. दुसरं म्हणजे आमच्या घरात फोनवरचं बोलणं गुप्त राहत नाही. तुमची भाची टीना मागच्या खोलीत दार लावून अभ्यासाला बसली असली, तरी समोरच्या छपरीत मी काय कुजबुजलो ते तिला कळतं. तिचे कान लहानपणापासून असेच. कुकरची शिटी व्हायच्या आधीच ती अंगणात जाऊन उभी राहते. गल्लीत वरात आली की हिचा मुक्काम देवघरात. तुमच्या सिहोऱ्याची मंडईची जत्रा तर तिने बालवाडीत असताना पाहिली तेवढीच. दंडारीच्या नाचात ढोल घुमला की तिला मळमळतं, म्हणून दर मंडईला आम्ही सगळे तुमच्याकडे तिखट रश्शावर ताव मारतो आणि ती इथे शेजारच्या ललिताबाईंकडे वरणभात खाते. ललिताबाई म्हणतात, पोरीवरून लिंबू उतरवा. तुमची बहीण निर्मला म्हणते, हे नाजूकपण तिच्या माहेराकडून आलं (म्हणजे तुमच्याकडून, मी आपलं कळवलं).

आता निकेशचं ऐका. आमचे धाकटे चिरंजीव रॅप म्हणतात, हे तुम्हाला माहीतच असेल, कारण यंदाच्या मंडईच्या पत्रकावर त्यांचं नाव छापून आणण्याचा पराक्रम तुमच्याच बंटीचा. परवा बंटी आपल्या डीजेच्या पेट्या टेम्पोत घालून आमच्याकडे आला. म्हणाला, "फुफाजी, मंडईच्या आधी एक डाव घरी आयकून पाहा." पेट्या बैठकीत मांडल्या. निकेश माईक घेऊन उभा राहिला. टीना अगदी समोर बसली, आणि हात मांडीखाली दाबून बसली. कानावर जाऊ नयेत म्हणून. तिचा भाऊ पहिल्यांदा गाणार होता ना.

बंटीने बटण दाबलं. पहिल्या ठोक्याला मांडणीवरचे स्टीलचे डबे एकमेकांशी भांडायला लागले. दुसऱ्याला देवघरातल्या गणपतीने आमच्याकडे पाठ केली (निर्मलाने नंतर त्याची माफी मागितली). भाऊ, हा ठोका कानाने येतच नाही. तो जमिनीतून तळपायात शिरतो, पोटातलं जेवण ढवळतो आणि छातीत येऊन बसतो. त्यावर गरम तेलात मोहरी तडतडावी तशी बारीक झांज, ती काही थांबायचं नाव घेत नाही. मधेच एक भोंगा. आणि या सगळ्याच्या खाली निकेश घाईघाईने काहीतरी बोलत होता. मला वाटलं, त्याचं कोणाशी तरी वाजलं आहे. मी ओरडलो, आवाज कमी कर. त्यानेही ओरडूनच सांगितलं, "बाबा, हा बेस व्हय! बेसच नाही राहिला तं रॅप कायचा?" आणि डोळे मिटून पुन्हा सुरू झाला.

तेवढ्यात माझं लक्ष गेलं, तर टीनाची जागा रिकामी. घरात नाही, अंगणात नाही. शेवटी गोठ्यामागच्या तणसीच्या ढिगात सापडली. आत घुसून बसली होती, नुसतं तोंड बाहेर, तेही पांढरं पडलेलं. मी म्हणालो, चल, ललिताबाईंकडे नेऊन सोडतो. तर म्हणाली, "बाबा, चूप बसा. इथून आयकू येते." मीही आत शिरलो (बनियनमधली खाज अजून गेलेली नाही). आणि खरंच सांगतो भाऊ, तो छातीत बसणारा ठोका तिथे पलीकडच्या गल्लीत कोणी पोहे कांडावे इतका मऊ होऊन येत होता. मोहरीची तडतड तणसीतच विरली. उरले ते शब्द. निकेश म्हणत होता,

"गावात साऱ्या भोंगे वाजते, माही बहीण दार लावते,
तिले मुंगीचं चालणं आयकू येते, तिचं रडणं कोनाले आयकू येते?"

तिच्यावर रचलेलं गाणं, आणि तेवढं तिलाच ऐकवत नव्हतं. मी तर पेटीसमोर बसून होतो, पण त्यातलं अक्षर मला कळलं नव्हतं. डोळे भरून आले. तणसीची धूळ गेली, असं मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

तेव्हापासून घरात तिढा पडला आहे. निकेश म्हणतो, ताई मंडईत येत नसेल तर मी गात नाही. बंटी म्हणतो, आवाज कमी ठेवला तर पाळण्यांच्या गोंगाटात काही ऐकू जायचं नाही. आणि टीना म्हणते, "ठोका कमी नोको करू, गाणं लंगडं होईन." तिच्या कानात कापूस घालून पाहिला. कापसाने शब्द अडतात, ठोका अडत नाही. एक तिच्याशिवाय गायला तयार नाही, दुसरी त्याचं गाणं पातळ करू देत नाही, आणि निर्मला रोज मलाच विचारते, आता तुम्ही काय करता?

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, बंटीला आशीर्वाद. पुन्हा सांगतो, काम काही नाही.

आपला,
कृष्णराव

ता. क. आता लिहायला बसलोच आहे म्हणून. तुमचं खळं मंडईच्या मैदानाला अगदी लागून आहे. पाहुण्यांच्या मोटारसायकलींना जागा व्हावी म्हणून तुम्ही मंडईच्या आधी तिथली तणस हलवता. यंदा हलवू नका. मोटारसायकली वाटल्यास माझ्या डोक्यावर ठेवा. आणि पेट्यांची तोंडं खळ्याकडे नाही, तळ्याकडे करायला बंटीला सांगा. भाऊ, तणस असेल तर पोरगी येते म्हणाली आहे. एवढं करा.

आणखी एक ता. क. लिहिताना मी पुटपुटतो, हे माझ्या ध्यानात राहत नाही. टीना मागच्या खोलीतून उठून आली. "बाबा, मामाजीले तणसीचं लिहून राहिले ना?" मला वाटलं, चिडते आता. तिने सगळं पत्र वाचलं आणि म्हणाली, "ढीग मोठा ठेवा म्हनावं, बाबा बी येतीन तिथं रडाले." दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "अन् मंचाच्या बाजूनं एक फट ठेवा म्हनावं. गाताना तो डोळे मिटते. उघडन तवा मी दिसली पाहिजे."

तर भाऊ, तेवढी फट ठेवा.