आउटबॉक्समधलं उत्तर

खडकी, सप्टेंबर २००६

चि. पूर्वास,

तुझ्या लग्नावरून मी तुला या घरात पाऊल टाकू नकोस म्हणालो. तेव्हा तू आईला मेल केलास, ‘तू ये म्हणालीस तरच येईन.’ उत्तर आलं नाही. जूनमध्ये आई गेली, तरी तू आली नाहीस.

काल कॉम्प्युटर दुरुस्त करून घेतला. मी इंटरनेटची कंपनी बदलली होती, पण मेल पाठवायची सेटिंग जुन्याच कंपनीची राहिली. मेल यायचे, जायचे मात्र नाहीत. ‘अहो, सेंड केलं की काहीतरी चौकट येते,’ आई सांगायची. पेपरातून मान वर न करता मी म्हणायचो, ‘मग बंद कर ती.’

आउटबॉक्समध्ये तिचं फेब्रुवारीतलं उत्तर आहे. ‘ये. बाबांचं मी बघते.’

आता सेंड दाबलं की ते तुला पोचेल. पण गेलेल्या आईचं ‘ये’ असं अचानक तुझ्यासमोर येऊ नये, आधी हे पत्र मिळावं, म्हणूनच मी अजून दाबलेलं नाही.

बाबा