बाणाच्या शेजारचं बटण

प्रिय छोट्या,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं, पण सवयीने लिहून गेले. दोन दिवस तुझे फोन उचलले नाहीत. उचलले असते तर तोंडून काय निघालं असतं, माझी मलाच खात्री नव्हती.

आमच्या प्रयोगशाळेचा प्रोग्रॅम तू लिहिलास, तेव्हा 'माझ्या धाकट्याने केलाय' म्हणून मी मिरवत होते. आधी स्क्रीनच्या वरच्या पट्टीत अहवाल पाठवायची तीन बटणं होती: वॉर्डला, डॉक्टरांना, रुग्णाला. तुला ती गर्दी वाटली. तू तिन्हींचं एकच बटण केलंस, शेजारी इवलासा बाण. बाण दाबला की तिघांची यादी उघडते. पण थेट बटण दाबलं तर ते काही विचारत नाही. मागच्या वेळी यादीतलं जे निवडलं असेल, तेच पुन्हा करतं. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "अरे, कुठेही दाबलं तरी आधी यादी उघडू दे. इथे घाईगर्दी असते." तू हसलास. "पाच मिनिटांचं काम आहे ताई, पण कशाला? एक क्लिक वाचतोय. होईल सवय."

मंगळवारी बाईंनी एका मुलीचा रक्ताचा साधा अहवाल तिच्या मोबाइलवर पाठवला. बाई म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरच्या, तू इथे आलास की ज्यांचा डबा हक्काने उघडायचास त्या. पुढचा अहवाल एका निवृत्त गणिताच्या मास्तरांच्या गाठीचा. तो फक्त डॉक्टरांकडे जायला हवा होता. बाईंनी बटण दाबलं. मास्तरांनी तो बसथांब्यावर उभ्या उभ्या वाचला, एकट्याने. फोन बंद केला आणि दिसेल त्या रस्त्याने चालत सुटले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या मुलीला ते तळ्याच्या काठावर सापडले. गाठ लहान आहे, काढता येईल, हे त्यांना तेव्हा कुठे कळलं. डॉक्टरांनी समोर बसवून हेच आधी सांगितलं असतं रे!

आणि चौकशीत तू काय लिहून दिलंस? "प्रोग्रॅम बरोबर चालला. चूक वापरणाऱ्याची." दोन वाक्यांत हात झटकून मोकळा! एकोणीस वर्षं एक नळी इकडची तिकडे न केलेली बाई आज निलंबित होऊन घरी बसलीये. चोर सोडून संन्याशाला फाशी. चूक कुणाच्याही हातून होते, छोट्या. पण तुला माहीत होतं. तुला सांगितलं होतं. मला संताप त्याचा आहे.

आज दुपारी मी चौकशी समितीला सगळं लेखी दिलं. मी काय म्हटलं होतं, तू काय उत्तर दिलंस, तारखेसकट. सोमवारी तुला बोलावतील. 'आठवत नाही' म्हणालास, तर समोरच्या खुर्चीवर मी असेन. हे तुला बाहेरच्या माणसाकडून कळू नये, एवढ्यासाठीच लिहिलं. खरं बोलायला अजून तीन दिवस आहेत.

रागावलेली, तरीही तुझीच,
ताई