घरी जुळवलेला संगणक

आबा,

तुमची सून गेल्यापासून मी नालवाडीच्या घरात एकटाच राहतो. या हिवाळ्यात माझा जुना संगणक कायमचा बंद पडला. संगणक म्हणजे काय, हे तुम्हांला समजावणे अवघड आहे. तुमच्या रेडिओसारखाच तो सुटे भाग आणून घरी जुळवता येतो किंवा नामांकित कंपनीचा तयार घेता येतो, एवढे कळले तरी पुरे. तुमची नात पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, कंपनीचाच घ्या. बिघडला तर त्यांचा माणूस घरी येतो." तिचे म्हणणे रास्त होते, परंतु मला कंपनीचा माणूस घरी यायला नको होता. मी म्हणालो, "सुटे भाग मी आणून ठेवतो. जुळवायला तू ये."

सेलूचे आपले स्वयंपाकघर मला अजून दिसते. गावच्या जमीनदाराकडे, मालगुजारांच्या वाड्यावर, दुकानातला चकचकीत रेडिओ आला आहे आणि तुम्ही नागपूरहून सुटे भाग आणून चुलीपाशी बसला आहात. तारांना डाग द्यायची सळई आईच्या निखाऱ्यांत तापते आहे. "भाकर भाजू का तुमचं लोखंड?" ती विचारते. "दोनी भाज," तुम्ही म्हणता. "मालगुजाराचा बिगडला तर नागपूरले न्या लागते. आपला अठीच खोलू." मी तुम्हांला 'बिघडला' असे सुधारून सांगतो आणि तुम्ही मान वर न करता म्हणता, "मास्तर, आंधी तार धरा." व्याकरणात मी कुणालाही सोडत नाही, आबा, तुमचे बोलणे मात्र येथे जसेच्या तसे ठेवले आहे.

नात आली. माझी बोटे थरथरतात, म्हणून मी सूचनापुस्तिका मोठ्याने वाचावी आणि तिने भाग बसवावेत, असे ठरले. "बाबा, त्यातल्या चुका काढू नका, पुढचं वाचा!" यंत्र गार ठेवणारा पंखा तेवढा मी हट्टाने स्वतः बसवला. संगणक सुरू झाला, तापला आणि बंद पडला. पुन्हा तेच. संध्याकाळी ती थकून म्हणाली, "उद्या तयारच आणू, आणि मग मी निघते." तेवढ्यात तिने पंखा उचलून पाहिला. यंत्राला टेकणाऱ्या त्याच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिक तसेच चिकटलेले होते; उष्णता बाहेर पडायला वाटच नव्हती.

"हे काढलं नाही तुम्ही?"

"नव्या वस्तूचे वेष्टन लगेच काढू नये. ओरखडे पडतात."

तिने टीव्हीच्या रिमोटकडे पाहिले. तो अजून पिशवीतच आहे. मग खुर्च्यांच्या गाद्यांकडे पाहिले आणि फरशीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. प्लास्टिक निघाले, संगणक चालला. दुसऱ्या दिवशीची गाडी तिने सोडून दिली.

मी वर्ध्यात नोकरीला लागल्यावर तुम्ही निरोप धाडत असा, "रेडिओ खरखर करून राह्यला. येऊन पायजो." मी मराठीचा शिक्षक; मला रेडिओतले काय कळत होते? मी पोहोचेपर्यंत तो स्वच्छ वाजत असे. "आताच सुधरला," असे म्हणून तुम्ही आईला चहा ठेवायला सांगत असा.

हे पत्र टपालात टाकता येणार नाही, म्हणून खरे ते लिहून टाकतो. काल मी तुमच्या नातीला कळवले की पंखा फार आवाज करतो, येऊन पाहावे लागेल. ती शनिवारी येते आहे. पंखा मुळीच आवाज करत नाही.