ओटा मात्र पक्का आहे

तीर्थस्वरूप चंद्रप्पाअण्णांस,
धाकट्या रेणुकाचे शरणार्थ.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची शुगर उतरली का? जुनी घरं पाडायचं तुमचं काम जोरात असेल. भिंती फोडायच्या त्या ब्रेकर मशीनच्या धक्क्यानंच गुडघा गेला असं वहिनींचं मत आहे, आणि वहिनींचं मत निलंग्यात कोण खोडणार? आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. पत्र बघून दचकू नका. फोनवर मी जरा बोलायला लागले की तुम्ही "रेंज न्हाई" म्हणून फोन वहिनींच्या हातात देता, आणि वहिनी भाजी काय केली ते विचारतात. (वांगं.)

तर अण्णा, मागच्या वर्षी आमच्या शाळेला वरून आदेश आला, की निसर्गसंवर्धनाबद्दल जनजागृती करा आणि फोटो पाठवा. जागृती थोडी कमी झाली तरी चालेल, फोटो स्पष्ट पाहिजेत, हे आमच्या मुख्याध्यापकांनी आपल्या मनानं जोडलं. वटपौर्णिमा तोंडावर होती. बाजारात वडाच्या फांद्यांचे भारे येऊन पडले होते. बायका घरीच तांब्यात फांदी खोचून पूजा उरकायच्या. मी मुलांची प्रभातफेरी काढली. 'फांदी तोडू नका, वडापाशी चला!' (बॅनर फ्लेक्सचा होता. आता तो एकाच्या कडब्यावर पांघरलेला आहे, अक्षरं अजून ताजी आहेत.) सासूबाईंनी आणलेली फांदी मी चार बायकांदेखत परत करायला लावली, त्यावर त्या पोळ्यापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. आजवर मी या गावाला हात धुवा म्हटलं, ओढ्यात कचरा टाकू नका म्हटलं, संडासात सरपण भरू नका म्हटलं. कुणी कान दिला नाही. हे मात्र ऐकलं. सगळ्या गावानं ऐकलं!

गावात वड एकच, शाळेसमोरचा, ओढ्याकाठचा. लग्नानंतर तुम्ही मला सोडायला आलात आणि माझ्या सासऱ्यांची वाट बघत त्याच्याखाली घोरत पडलात, तोच. मार्चपासून वर्गाचे पत्रे तापतात, म्हणून माझी पोरं त्याच्याच सावलीत पाढे म्हणतात. तर त्या एका झाडावर अख्ख्या गावाचं सौभाग्य येऊन पडलं. दोरा गुंडाळला तो नायलॉनचा. तो कुजत नाही, आवळत जातो. मुळाशी कापराचे ढीग पेटले, खोडाला खिळे मारून देवांचे फोटो लागले. वर पाऊस झालेला, चिखलात दोघी-चौघी घसरल्या, आणि गाऱ्हाणं शेषेरावांकडे गेलं. शेषेराव म्हणजे आमच्या सरपंच वर्षाराणीबाईंचे यजमान. सह्या बाई करतात, गाव हे चालवतात.

शेषेरावांनी 'वटवृक्ष सुशोभीकरण' मंजूर करून आणलं. मोकळ्या दगडांचा जुना पार होता, माती दिसायची, पाणी मुरायचं, तो उखडला. खोडाला चिकटून सिमेंट ओतलं, वर चकचकीत फरशी, भोवती स्टीलचा कठडा. पारंब्या कठड्याला आडव्या येतात म्हणून छाटून टाकल्या. आणि काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत कोरलं: 'संकल्पना : सौ. रेणुकाताई'. मला शाल-श्रीफळ दिलं. मी ते घेतलं, फोटोत हसतेसुद्धा आहे. शेषेरावांना म्हटलं, झाडाला पाणी कुठून जाणार? तर म्हणाले, "बाई, नळ दिलाय की वर! तोटी बी पितळेची हाय." (ती पाय धुवायला आहे.)

आता वैशाख सरला, वटपौर्णिमा पुन्हा तोंडावर आली आहे. ओढ्याकडच्या फांद्यांना यंदा पालवी फुटलीच नाही. परीक्षेच्या दिवसांत पोरं सावली शोधत फरशीवर सरकत होती, आणि फरशी तव्यासारखी तापलेली. मी शेषेरावांकडे जाऊन हात जोडले, की खोडाभोवती हातभर तरी सिमेंट काढा. ते म्हणाले, "तुमचंच नाव हाय त्याच्यावर अन् तुम्हीच फोडा म्हणून राहिले? तपासणी व्हायची हाय अजून. एक फरशी हालली न्हाई पाहिजे." मी म्हटलं, झाड वाळतंय हो. तर कसे शांतपणे म्हणाले, "वाळलं तर दुसरं लावू की. ओटा मात्र लई पक्का हाय." अण्णा, मला रडू आलं ते त्यांच्यासमोर नाही, घरी आल्यावर आलं. सासूबाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "म्या तर नुसती फांदी तोडीत होते गं." एवढंच म्हणाल्या. आता कुठे आमचं नीट बोलणं सुरू झालं होतं.

असो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. पत्राच्या शेवटी 'झाडे लावा, झाडे जगवा' लिहायची माझी सवय होती. ती सुटली.

तुमची बहीण,
रेणुका (दगडावरची)

ता. क. : मूळ मुद्दा राहिलाच. तुमचं ते ब्रेकर मशीन घेऊन या. येत्या रविवारी शेषेराव सहकुटुंब नांदेडला लग्नाला जाणार आहेत, दुपारी गाव झोपलेलं असतं. करंट शाळेतून घेऊ, सुट्टीत किल्ली माझ्याकडे असते. कुणी आलंच तर नळाचं काम चालू आहे म्हणू. त्यासाठी आपल्याकडे काहीही खोदता येतं. खोडाला धक्का न लावता हातभर मोकळं करायचं आहे. सुरुवात माझ्या नावाच्या दगडापासून करा. चौकशी झाली तर फोडलं मीच असं सांगेन, संकल्पना माझीच आहे असं लेखी आहे.

ता. क. २ : वहिनींना सांगा, यंदा पूजेला फांदी तोडूनच आणा. येताना आपल्या बांधावरच्या वडाची एक फांदी सासूबाईंसाठीही आणा, मनगटाएवढी जाड. पूजा झाली की ती मी लावणार आहे. कुठे, ते पत्रात लिहीत नाही. गावाला कळलं तर ओटा बांधतील.