हेरातचा मलिक आमच्या घरात

२ नोव्हें.
दाढी आली. नकली, गोंदानं चिकटवाची. हे आरशासमोरून हटूनच नाई राहिले. यंदा आंधळगावच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, नाटक ऐतिहासिक, अन् आमचे हे त्यात हेरातचे मलिक. अफगाणिस्तानातलं कोणतं तरी जुनं राज्य, शहापूरच्या गुरुजीनं लिहून आणलं. हेरात कुठं हाये कोणाले ठाऊक नाई, पण मखमलीचा झगा पाहून सारे खूश. इकडे वावरात पिकला धान बांधीत आडवा पडला हाये. मलिकाले कापणी कोण सांगन? मी अन् लेक प्रणाली गेलो.

४ नोव्हें.
घरी तालीम. हे मलिक, अन् लेकीच्या हाती कागद देऊन तिले पाहुणा केलं.
गोष्ट अशी. मलिकाचा जुना दोस्त, मोठा सरदार, त्याचं बादशाहाशी बिनसते. तो पळून हेरातले येते. मलिक त्याले किल्ल्यात घेते, जेवू घालते. मग बादशाहाचा हुकूम, मार त्याले, बक्षीस देतो. अन् मलिक मारते.
प्र. वाचत होती, "मलिक, तुझ्या उंबऱ्यात आलो म्हणून तलवार खाली ठेवली."
हे ओरडले, "जरा जोरानं! जीव नाई का आवाजात?"
कुठून येईन जीव? पोळा झाला अन् सिहोऱ्याहून, सासरून, एकटी आली. पायात चप्पल नाई, पाठीवर जावयाच्या पट्ट्याचे वळ. तवा यायनंच दारात सांगतलं होतं, "बाप जिता हाये तुहा. आता तुले कोणी हात नाई लावाचा." मीनं माह्या कानानं ऐकलं हाये.

७ नोव्हें.
इवायाचा, प्र.च्या सासऱ्याचा, फोन. मंडईले येतो, नाटक पाहतो, सकाळी सून घेऊन जातो.
हे म्हणे, "हाव हाव, या ना!"
मीनं इचारलं, पोट्टीले इचारलं का?
"चार लोकात नाक हाये माह्यं."
नाक! दाढीच्या वर राहते तेच ना. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. सैपाकात मीठ नाई टाकलं आज. मुकाट्यानं जेवले.

९ नोव्हें.
गुरुजी चहाले आले. इचारलं, असा माणूस खरंच झाला का?
"झाला ना वहिनी. राज्य चांगलं केलं त्यानं. मशीद दुरुस्त केली, कालवे काढले. पण लोकायच्या ध्यानात हेच राह्यलं."
अन् बक्षीस?
"नाई भेटलं. घ्याले गेला तं मारलेल्या सरदाराचीच पोरगी बादशाहाची राणी झालेली. रिकाम्या हातानं आला परत."
मी म्हणलं, हे तं नाटकात नाई.
गुरुजी खाली पाहून म्हणे, "होतं. तुमच्या यायनं काढाले लावलं. मलिक लहान दिसते म्हणे."
लय हसली मी. मग चुलीजवळ जाऊन रडली.

१२ नोव्हें., सकाळ
काल मंडई. इवाई अन् जावई पुढच्या खुर्च्यांवर. मी अन् प्र. मागं, ताडपत्रीवर. जावई तिच्याशी बोलला नाई, नुसता पाहून हसला.
सरदार झाला होता सलूनवाला. तो उंबऱ्याचं वाक्य बोलला तं प्र.चेही ओठ हालले. मग आमचे मलिक, छाती काढून, "हेरातचा शब्द बादशाहापुढे लहान आहे. घेऊन जा याला!"
काय त्या टाळ्या! वन्स मोर, वन्स मोर! सगळ्यात मोठा आवाज जावयाचा. मंडईत वन्स मोर आला तं नाई म्हणता येत नाई. मेलेला सरदार माती झटकून उठला, पुन्हा उंबऱ्याचं बोलला, अन् यायनं पुन्हा त्याले मराले धाडलं.
दुसऱ्या खेपेले आमच्या यायचा आवाज अजून चांगला लागला. तेच मले सहन नाई झालं.

१२ नोव्हें., अजून
गाडी दारात. हे म्हणे, "प्रणाली, पिशवी भर."
ती पिशवी न घेता आली. उंबऱ्याच्या आतच उभी राह्यली. कागद नाई, काही नाई. बापाकडे पाहून म्हणे, "मलिक, तुझ्या उंबऱ्यात आलो म्हणून तलवार खाली ठेवली."
जोरानं. जीव होता आवाजात.
जावई हसला, "वन्स मोर!"
कोणीच नाई हसलं. यायचा हात गालावर गेला, अर्धी दाढी अजून चिकटलेलीच. पुढचं वाक्य पाठ होतं, रातीच दोनदा बोलले. नाई निघालं.
"चहा घ्या पहिले," म्हणाले अन् मागच्या खोलीत गेले.
चहा मीनं ठेवलाच नाई. उंबऱ्यात बसली हाये, मांडीवर वही, बाजूले धानाचा विळा. प्र. माह्या पाठीमागं. इवाई पाहून राहिले का ही बाई काय लिहून राहिली. पाहू द्या. ज्याले न्याचं असन त्यानं मले ओलांडून जावं.
मागं यायचं गोंद खरडणं चालू होतं. आता थांबलं. पाय वाजून राहिले, इकडेच येऊन राहिले.
हे कोणाच्या बाजूनं उभे राहतीन—