गुहेच्या तोंडाशी झाडलेली माती

बुधवार, दिवेलागण

आज चार पाहुण्यांना जिवतीच्या डोंगरातली चुनखडीची गुहा दाखवली. बाबांनी शिकवलं तसं आत शिरण्याआधी तोंडाजवळची पांढरी माती पळसाच्या डहाळीने झाडून सपाट केली. म्हणजे आपल्यामागून कोण आलं ते कळतं.

अर्ध्या तासाने बाहेर आलो, तर आमच्या पावलांवर बिबट्याचे ठसे. सगळे आत जाणारे. बाहेर येणारा एकही नाही.

म्हणजे आम्ही बोलत होतो, हसत होतो, तेव्हा तो आतच?

पाहुण्यांनी विचारलं, "काय झालं?" मी "काही नाही" म्हणाले आणि डहाळीने ठसे पुसून टाकले. ते घाबरतील, पुन्हा कोणी येणार नाही म्हणून. मूर्ख मी!

उद्या सकाळी दुसरी गाईड, कमलबाई, शाळेची पोरं तिथेच नेणार आहे. तिला सांगितलं, तर हसली. "तुले भास झाला. ठसे कुठी हायेत?"

"मीच पुसले, बाई."

"काऊन?"

वनरक्षकाचा फोनही लागत नाही.

उजाडताच तिच्याआधी एकटी जाईन. माती मी सपाट करून ठेवलीच आहे. तो बाहेर पडला असेल, तर ठसे दिसतील. नसतील, तर मी त्याच्या दारात उभी असेन.